छोट्या ग्रुपला स्वतःचा साउंड घ्यायचाय: ॲम्प्लिफायर-कॉलम, उभा सेट, दोन बारा इंची, का डिजिटल मिक्सर?

आठ-नऊ जणांचा ग्रुप आहे, दोन गाणारे, पेटी, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, जमलं तर गिटार आणि एक निवेदक. कार्यक्रम म्हणजे सोसायटीचा गणपती, कोजागिरी, कुणाची एकसष्टी, एखादी छोटी दिवाळी पहाट, हळद. समोर शंभर ते दोन-अडीचशे माणसं. दर वेळी साउंडवाल्याला पैसे जातात आणि त्या दिवशी त्याच्या गाडीत जे असेल त्यावर गावं लागतं, म्हणून आता स्वतःचाच घेऊन टाकू असं ठरतंय. अशा ग्रुपसाठी लिहितोय. डीजे, मिरवणूक, ड्रम्सवाला रॉक बँड यांचं गणित वेगळं आहे, ते इथं घेत नाही.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, किती वॅटचा घेऊ? माझं म्हणणं आधी हा प्रश्नच बाजूला ठेवा. आपल्या गाण्याच्या कार्यक्रमात आवाज कमी पडला म्हणून रंग गेला असं क्वचित होतं, पण पेटी ऐकूच आली नाही, शब्द कळले नाहीत, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मिळेना म्हणून तो ताणून गायला लागला आणि मग मॉनिटर (कलाकारांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढवायला गेलं की माइकने शिट्टी मारली, हे नेहमीचं. म्हणजे पैसे कुठं घालायचे तर स्टेजवर परत काय ऐकू येतं त्यावर आधी, बाहेर किती मोठं वाजतं त्यावर नंतर. पुढची सगळी तुलना मी याच एका नजरेने केलीय.

तरी वॅटचं थोडक्यात सांगतो म्हणजे दुकानात कुणी आकडे फेकले तर गडबडायला होणार नाही. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे ५०० वॅटच्या जागी १००० वॅट घेतला तरी कानाला थोडंसंच मोठं वाटतं, आणि दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्याला पॉवर दहापट. त्यामुळे बॉक्सवरचा वॅटचा आकडा सोडा आणि कमाल डेसिबल किती लिहिलंय ते बघा. उदाहरण म्हणून यामाहाचा डीबीआर १२ घ्या, त्यावर १००० वॅट आणि १३१ डेसिबल लिहिलेलं असतं. तो १३१ आकडा एक मीटरवरचा आणि क्षणभराच्या कमालीचा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे २ मीटरला १२५, ४ ला ११९, ८ ला ११३, १६ मीटरला १०७. सुगम संगीताच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेला ८५-९० डेसिबल मिळाले तरी भरपूर होतं, म्हणजे असे दोन स्पीकर अडीचशे माणसांना पुरून उरतात. आवाज कमी पडत नाही म्हणतो ते यामुळे.

आता एकेक पर्याय बघू.

मिक्सर-ॲम्प्लिफायर आणि पॅसिव्ह कॉलम

हे सगळ्यांच्या ओळखीचं, देवळात, शाळेत, ग्रामपंचायतीत असतं ते. अहुजाचा ॲम्प्लिफायर, पुढे चार-पाच माइकचे बटण, बास-ट्रेबल, आणि दोन लांबट कॉलम, पॅसिव्ह म्हणजे ज्यांच्या आत ॲम्प्लिफायर नसतो असे. भजनी मंडळ, प्रवचन, काकडआरती, भाषण यासाठी मी आजही हेच सांगेन. कमी पैशात येतं, दणकट असतं, तालुक्याच्या गावीसुद्धा दुरुस्त करणारा माणूस मिळतो, आणि १०० व्होल्ट लाइनची सोय असल्यामुळे लांब लांब वायर टाकून पाच-सहा जागी स्पीकर लावता येतात. काही बिघडलं तर ॲम्प्लिफायर बदलला, स्पीकर बदलला, काम पुढं चालू.

पण गाण्याच्या ग्रुपला हा कमी पडतो आणि तो जोराने कमी पडत नाही, ताब्याने कमी पडतो. सगळ्या माइकना मिळून एकच बास आणि एकच ट्रेबल, म्हणजे डग्ग्याची घुमघुम कमी करायला गेलं की गाणाऱ्याच्या आवाजातलं अंगही जातं. मॉनिटरला वेगळं मिक्स देता येत नाही, जे बाहेर जातं तेच स्टेजवर. आणि साध्या कॉलमची रचना मुळात बोलण्यासाठी असते, त्यात डग्गा नुसता टप् टप् वाजतो. तुमच्याकडे आधीच असेल तर मात्र विकू नका, बाहेरच्या मंडपात जास्तीचे स्पीकर म्हणून तो उपयोगी पडतोच.

उभा कॉलम सेट

खाली बासचा डबा, वर हाताच्या रुंदीची उंच काडी. बोसने एल१ नावाने २००३ मध्ये हा प्रकार आणला, आता जेबीएल, यामाहा, इलेक्ट्रो-व्हॉइस सगळ्यांचे आहेत. दिसायला देखणा, रिक्षात बसतो, पाच मिनिटांत उभा राहतो, हॉलवाल्याला आणि फोटोवाल्याला दोघांनाही आवडतो. याची खरी कमाल आडव्या पसरण्यात आहे. एल१ प्रो ८ आडवा १८० अंश पसरतो आणि वर-खाली मात्र कमी, त्यामुळे छताकडे वाया जाणारा आवाज कमी होतो. आपल्याकडची मंगल कार्यालयं आठवा, खाली गुळगुळीत फरशी, वर उंच पत्रा नाहीतर काँक्रीटचा स्लॅब, पडदा कुठं नाही, टाळी वाजवली की चार वेळा परत येते. अशा हॉलमध्ये साध्या स्पीकरवर शब्द एकमेकांत मिसळतात, तिथं चांगला कॉलम ऐकून बघा, फरक लगेच कळतो. शिवाय पहिल्या रांगेचे कान किटत नाहीत आणि मागेही बऱ्यापैकी पोचतं.

मग अडतं कुठं? कॉलम कलाकारांच्या मागे ठेवायचा म्हणजे त्यांनाही तोच ऐकू येईल आणि मॉनिटर लागणार नाही, अशी यामागची कल्पना आहे. उभा राहून ओठाला माइक लावून गाणाऱ्या एक-दोन जणांना ती झकास लागू पडते. आपण बैठकीवर बसतो, पेटीचा माइक पेटीपासून अर्धा फूट लांब, तबल्याचे माइक उघडे, आणि मागून कॉलम थेट त्या माइकांच्या तोंडात बोलतोय, मग पेटी वाढवायला जागाच उरत नाही. कॉलम पुढे बाजूला आणला तर मॉनिटर लागतोच, म्हणजे मूळ फायदा गेला. आणि प्रो ८ च्या अंगावर माइक किंवा वाद्य लावायला दोनच जागा, तिसरं चॅनेल फोन-ब्लूटूथ वगैरेसाठी, म्हणजे मिक्सर वेगळा घ्यायचाच आहे. एवढं करून नावाजलेल्या कंपनीच्या एका कॉलमच्या पैशात साधारण दोन चांगले बारा इंची स्पीकर येतात.

गिटार आणि दोन गळे, गझलेची छोटी मैफल, कॅफेमधला अनप्लग्ड कार्यक्रम, एवढंच तुमचं काम असेल तर डोळे झाकून कॉलम घ्या. तबला-पेटी-ढोलकीचा पूर्ण ताफा असेल तर माझं मत नाही असं आहे.

दोन ॲक्टिव्ह बारा इंची, स्टँडवर

माझी शिफारस इथं येऊन थांबते, फक्त मिक्सर कोणता हा पुढचा वाद आहे. ॲक्टिव्ह म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरच्या आत. वेगळा ॲम्प्लिफायर नाही, मॅचिंगची कटकट नाही, आत लिमिटर असल्यामुळे चुकून जास्त झालं तरी स्पीकर लगेच उडत नाही. वजन पंधरा-सोळा किलो, एक माणूस एकट्याने स्टँडवर चढवू शकतो. तोटा असा की प्रत्येक स्पीकरपाशी दोन वायरी जातात, एक लाइटची आणि एक सिग्नलची, आणि आतलं बोर्ड गेलं तर अख्खा स्पीकर बंद, तो जवळपास कुठं दुरुस्त होतो याची चौकशी घेण्याआधी करायची.

दहा इंची का बारा का पंधरा? (हे माप आतल्या गोल पडद्याचं.) दहा इंचीत डग्गा थोडा पातळ वाटतो, कीबोर्डचा बासही. पंधरा इंची जड आणि बोजड, आणि स्वस्त पंधरा इंचीत नेमका गळ्याचा भाग पोकळ लागतो, ते डीजेला बरे. बारा इंची आपल्या गाण्याला मधला आणि बरोबर. सब-वूफर, म्हणजे फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर, आत्ता घेऊ नका. गाडीतली जागा, उचलणारी माणसं, पैसे सगळं वाढतं आणि भावगीत-भक्तिगीत-नाट्यगीतात त्याचं काम थोडं. लावणी आणि कोळीगीतांवर लोकांना नाचवायचा कार्यक्रम असेल त्या दिवशी सब भाड्याने आणा.

लावताना दोन गोष्टी. स्पीकर नेहमी माइकांच्या रेषेच्या पुढे, स्टेजच्या टोकाला किंवा त्याहून पुढे. आणि उंची अशी की ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा भाग) बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून जाईल, नाहीतर पहिल्या तीन रांगा सगळा आवाज खातात आणि मागचे लोक वाढवा वाढवा म्हणत बसतात.

आता खरा वाद: ॲनालॉग मिक्सर का डिजिटल

आधी तुमचे माइक मोजा, कागदावर. दोन गायक, एक निवेदक, एक पेटी, तबला एक आणि डग्गा एक, ढोलकीच्या दोन बाजू, झाले आठ माइक. कीबोर्ड डावं-उजवं, ऑक्टोपॅड, गिटार, आणि ट्रॅक किंवा मध्यंतराच्या गाण्यांसाठी फोन. आता दुकानात जाऊन बारा चॅनेलचा मिक्सर मागितलात तर फसाल, कारण मिक्सरवरचा आकडा सगळ्या इनपुटचा असतो, माइकचा नाही. यामाहाच्या एमजी १० एक्सयूला माइक लागतात ४, एमजी १२ एक्सयूला ६ आणि एमजी १६ एक्सयूला १०. म्हणजे वरच्या ताफ्याला बाराचा पुरत नाही, सोळाचाच लागतो, आणि सोळात मात्र सगळं अगदी बरोबर बसतं.

यापेक्षा महत्त्वाची आणि कुणी न सांगणारी गोष्ट म्हणजे ऑक्स सेंड. ऑक्स म्हणजे स्टेजवरच्या मॉनिटरला बाहेरच्यापेक्षा वेगळं मिक्स पाठवायचं बटण. गाणाऱ्याला हवी पेटी आणि स्वतःचा आवाज, तबलजीला हवा गायक आणि कीबोर्ड, दोघांना एकच मिक्स दिलं की एक तरी नाराज. एमजी १० ला असा सेंड एकच आणि तोच रिव्हर्बचाही (रिव्हर्ब म्हणजे आवाजाला हॉलसारखी गुंज देणारा इफेक्ट). एमजी १२ ला दोन, पण त्यातला एक आतल्या इफेक्टला जातो, म्हणजे गाण्याला थोडा रिव्हर्ब हवा असेल, आणि तो हवा असतोच, तर मॉनिटरसाठी मोकळा एकच उरला. एमजी १६ ला इफेक्टचा धरून चार. मिक्सर विकत घेताना दुकानदाराला हा एकच प्रश्न विचारा, इफेक्ट वापरल्यावर मॉनिटरला किती सेंड राहतात? दोन तरी राहिले पाहिजेत.

ॲनालॉगचं मोठेपण असं की प्रत्येक गोष्टीला बटण आहे आणि ते डोळ्यासमोर आहे. शिट्टी आली, हात गेला, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली, अर्ध्या सेकंदात. ग्रुपमधला कुठलाही माणूस एका संध्याकाळीत शिकतो. धूळ, ऊन, नगरपालिकेच्या मैदानावरचं खालीवर होणारं व्होल्टेज, हे सगळं तो बऱ्यापैकी सोसतो. तोटा असा की मिक्सर स्टेजवर ठेवला तर बाहेर काय वाजतंय ते कळत नाही आणि प्रेक्षकांत ठेवला तर वीस-पंचवीस मीटरची जाड स्नेक केबल (सगळ्या माइकच्या वायरी एकत्र असलेली) ओढावी लागते, ती लोकांच्या पायाखालून जाते, तिच्यावर सतरंजी टाका, टेप मारा. आणि प्रत्येक कार्यक्रमाला सगळं शून्यापासून.

डिजिटल रॅक मिक्सर म्हणजे बेरिंजरचा एक्सआर १८, साउंडक्राफ्टचा यूआय १६, या जातीचे. डबा स्टेजवर, त्याला बटणंच नाहीत, सगळं टॅबवर. एक्सआर १८ ला १६ माइक लागतात आणि मॉनिटरसाठी ६ वेगळे आउटपुट मिळतात, प्रत्येक चॅनेलला चार बँडचा पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवा तो स्वरपट्टा निवडून कमी-जास्त करणारा), गेट (कुणी गात-वाजवत नसताना माइक आपोआप बंद करणारा), कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा), आणि प्रत्येक आउटपुटला ३१ बँडचा इक्वलायझर लावता येतो. हेच सगळं ॲनालॉगमध्ये जमवायचं तर एक कपाट भरेल एवढी यंत्रं लागतील. मोठ्या स्नेकची गरज संपली, कारण माइक स्टेजवरच डब्यात लागतात आणि तुम्ही टॅब घेऊन शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहता, तिथं जे ऐकू येतं त्यावर मिक्स करता. ही एकच सोय माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. वर सेटिंग सेव्ह होतं, म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला गायक तेच, पेटी तीच, माइक तेच, तर ऐंशी टक्के काम आधीच झालेलं.

घाबरायचं कुठं, तर वायफायला. एक्सआर १८ चं अंगचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेकला ते उत्तम चालतं आणि दोनशे माणसं दोनशे फोन घेऊन आत येऊन बसली की टॅबचा संपर्क तुटायला लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर घ्या, तो उंचावर लावा, नाव आणि पासवर्ड तुमचा. आणि एक लॅपटॉप लॅन केबलने जोडून स्टेजच्या कडेला ठेवा. टॅब तुटला तरी आवाज बंद पडत नाही, होता तसा चालू राहतो, फक्त तेवढा वेळ काही बदलता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच शिट्टी आली तर लॅपटॉप जवळ हवा. यूआय मालिका ब्राउझरमध्ये चालते, वेगळं ॲप लागत नाही, त्यामुळे कुणाचाही फोन चालतो, ही चांगली सोय आहे.

तर निवड कशी करायची? ग्रुपमध्ये न गाणारा, न वाजवणारा, फक्त साउंड बघायला तयार असलेला एक माणूस आहे का हे आधी बघा. असेल आणि त्याला शिकायची हौस असेल तर डिजिटल, दुसरा विचार नको. असा माणूस नसेल, कीबोर्डवालाच वाजवता वाजवता एका हाताने साउंड बघणार असेल, तर एमजी १६ सारखा ॲनालॉग त्याच्या उजव्या हाताशी, कारण गाण्याच्या मधे टॅबवर पान शोधत बसणं त्याला जमणार नाही. वयस्कर मंडळींच्या ग्रुपलाही मी ॲनालॉगच सांगतो, त्यांचे हात त्या बटणांवर विश्वासाने फिरतात आणि कार्यक्रमात विश्वास फार लागतो.

पेटी आणि तबला

कुठलाही सेट घ्या, कस लागतो तो पेटीवर. गाणारा माइकपासून दोन बोटांवर असतो, तबला मुळात खणखणीत, कीबोर्ड वायरने येतो. पेटी मात्र चहूबाजूंनी हळू बोलते, तिच्या माइकला गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच वाढवणारं बटण) जास्त द्यावा लागतो आणि मग त्याच माइकमध्ये शेजारचा तबला, समोरचा मॉनिटर, सगळं शिरतं. माइक भात्याच्या बाजूला नको, तिथं हवेची फुसफुस आणि हाताची खटखट येते. वरच्या बाजूने, वादकाच्या डाव्या-उजव्या सप्तकांच्या मधे, साधारण सहा-आठ इंचांवर धरा आणि वादकाला मंद्रापासून तारापर्यंत एक सरळ सरगम वाजवायला सांगा. कुठला स्वर एकदम उसळतो किंवा बुडतो ते ऐका, माइक बोटभर सरकवा, परत ऐका. इक्वलायझरला हात त्यानंतर लावायचा. तबल्याला तिरपा माइक, चाटेकडून शाईकडे तोंड करून, हाताला अडणार नाही इतका वर. डग्ग्याला वेगळा माइक जमत असेल तर नक्की द्या, आणि त्या चॅनेलचा लो कट (अगदी खालचे स्वर कापणारं बटण) बंद ठेवा. गायक, निवेदक, पेटी यांचा मात्र चालू, ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, स्टेजवरची धपधप निम्मी तिथंच जाते.

माइकांत फार प्रयोग नको. गायकांना शुअर एसएम ५८, १९६६ पासून चालत आलेला माइक आहे आणि पडला-आपटला तरी चालतो. तबला-ढोलकीला एसएम ५७. पण बाजारात ५८ च्या नकला इतक्या आहेत की बॉक्स, सील, वजन सगळं हुबेहूब असतं, अधिकृत डीलरकडूनच बिल घेऊन घ्या. पेटीला कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइक गोड लागतो पण स्टेजवर मॉनिटर असताना तो सगळं गोळा करतो, बैठकीच्या शांत मैफलीत वापरा, गणपतीच्या मंडपात नको.

आणि एक गणित लक्षात ठेवा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा ३ डेसिबलनी कमी होते, म्हणजे एका माइकच्या जागी आठ उघडे असले की ९ डेसिबल गेले. निवेदकाचा माइक गाणं सुरू झालं की बंद. ढोलकी या गाण्यात नाही, तिचे दोन्ही बंद. फुकटचा उपाय आहे आणि नव्या स्पीकरपेक्षा जास्त फरक पाडतो.

मॉनिटर का कानातले

जमिनीवर तिरपे ठेवलेले दहा इंची ॲक्टिव्ह मॉनिटर, दोन घ्या, एक गायकांना, एक तबला-ढोलकीला. कुठं ठेवायचे ते माइकवर ठरतं. एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीसमोर. सुपर-कार्डिऑइड माइक असेल तर त्याचा बहिरा भाग मागे दोन्ही बाजूंना तिरका असतो, मॉनिटरही तसाच तिरका सरकवा. लोक येण्याआधी प्रत्येक मॉनिटर हळूहळू वाढवत न्या, शिट्टी सुरू होईल तो स्वर इक्वलायझरवर ३ ते ६ डेसिबल कापा, असे दोन-तीन स्वर कापून झाले की थांबा. दहा जागी कापत बसलात तर आवाजाचं सगळं सत्त्व जाईल.

कानातले मॉनिटर स्वस्तात होतात, वायरचे घेतले तर. कीबोर्ड, गिटार, ऑक्टोपॅड ही मंडळी बसूनच वाजवतात, त्यांना बेरिंजरच्या पी२ सारखा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर पुरतो आणि स्टेजवरचा गोंगाट बराच उतरतो. गायकांवर आणि पेटीवाल्यांवर मात्र ते लादू नका. कान बंद झाले की आपल्या गायकांना समोरच्या माणसांची दाद ऐकू येत नाही, आणि त्यांचं गाणं त्या दादेवर फुलतं.

वीज आणि वेळ

हे पटकन. मिक्सर, कीबोर्ड, स्पीकर शक्यतो एकाच बोर्डावरून, लाइटिंगचं डिमर वेगळ्या लाइनवर. घूं असा आवाज आला तर अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच, तो अजिबात ऐकू नका, गायकाच्या ओठाशी धातूचा माइक असतो. लॅपटॉप किंवा कीबोर्डमुळे घूं येत असेल तर मधे डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधली छोटी डबी) टाकून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, म्हणजे फक्त सिग्नलच्या वायरची अर्थिंग तुटते. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर आधी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा आणि मगच प्लग लावा.

ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत, त्यात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला १२ पर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दिवाळी पहाट ठेवताना सहाच्या आधी साउंड चेक लावू नका, आणि सोसायटीच्या अंगणात मोठा सेट घेऊन जाण्याचा उपयोगही नाही हे यावरून कळेलच. तिथं दोन दहा इंची हळू आवाजात लावले तरी सुंदर कार्यक्रम होतो.

मग घ्यायचा का भाड्यानेच ठेवायचा

महिन्याला एखादाच कार्यक्रम असेल, ठेवायला जागा नसेल, गाडी कुणाची नसेल, तर पूर्ण सेट घेऊ नका. फक्त माइक, पेटीच्या माइकचा स्टँड, चांगल्या केबल आणि जमलं तर डिजिटल मिक्सर स्वतःचा घ्या, बाकी स्पीकर-मॉनिटर साउंडवाल्याकडून. तुमचं मिक्स तुमच्या हातात राहतं आणि जड सामान त्याचं राहतं, बरेच साउंडवाले आनंदाने तयार होतात, फक्त आधी फोन करून सांगा की मिक्सर आम्ही आणतोय, आम्हाला डावं-उजवं आणि दोन मॉनिटरच्या लाइनी द्या. महिन्याला तीन-चार कार्यक्रम असतील तर मात्र स्वतःचा घ्याच, आणि या क्रमाने घ्या: आधी मिक्सर आणि माइक, मग दोन मॉनिटर, मग दोन बारा इंची. बहुतेक लोक उलटं करतात, पहिले मोठे स्पीकर घेतात आणि मॉनिटरला पैसेच उरत नाहीत, मग कार्यक्रमभर गायक खुणा करत राहतो.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथं एक चक्कर मारून भावाचा अंदाज घ्या, पण तिथं दुकानात वाजणाऱ्या इंग्रजी गाण्यावर स्पीकर पसंत करू नका, त्या गाण्यावर सगळेच स्पीकर चांगले वाजतात. तुमची पेटी आणि तुमची गायिका बरोबर न्या, दुकानदाराला एक माइक लावायला सांगा, इक्वलायझर सगळा सरळ, रिव्हर्ब बंद, आणि तिला ज्या गाण्यात खालचे शब्द हळू येतात ते गायला लावून तुम्ही दुकानाच्या दारापर्यंत मागे जा. तिथं शब्द कळले तर त्याच मॉडेलची जोडी एका कार्यक्रमापुरती भाड्याने कुठं मिळते का ते शोधा, तुमच्या नेहमीच्या हॉलमध्ये एक रात्र वाजवून बघा, आणि मग पैसे भरा.